तिसऱ्या टाकीतले मासे

जानेवारीतली सकाळ, पाण्याचं तापमान २२ अंश. पाझर तलावाखाली पंगास माशाच्या बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, तीन सिमेंट टाक्या ओळीने बांधलेल्या होत्या. पहिलीतलं पाणी दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. मर लागली होती ती तिसरीत, आणि मालकाचा संशय तलावाच्या पाण्यावर होता.

मासे तळाला अंग घासत होते, अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके. बुळबुळ खरवडून स्लाइडवर घेतली. गोल, संथ फिरणारा जीव आणि आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक. इक्थिओफ्थिरियस, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परजीवी. दुसरीत तोच, थोडा कमी. पहिलीतले मासे मात्र स्वच्छ. पाणी सगळ्यात आधी तिथेच येतं, म्हणजे दोष तलावाचा नव्हता. दहा दिवसांपूर्वी बाहेरून आणलेलं मत्स्यबीज दुसऱ्या टाकीत सोडलं होतं. तिसरीत नवा मासा एकही गेला नव्हता. तिथे रोग पाण्यानेच पोचवला.

हा परजीवी त्वचेखाली वाढतो, पिकला की मासा सोडून तळाला चिकटतो आणि कवचात शेकडो पिल्लं तयार करतो. पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. त्याआधीच त्यांना टाकीबाहेर काढणं, हे प्रवाहाचं काम. इथे तो त्यांना पुढच्या माशांच्या तोंडाशी नेऊन सोडत होता.

वीस लिटरची बादली बारा सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला शंभर लिटर. प्रवाह कमी नव्हता, पण टाकीत आठ हजार लिटर पाणी, एकदा बदलायला ऐंशी मिनिटं. तेच पाणी तिघांत वाटलं असतं तर प्रत्येक टाकीचा वेग तिसऱ्या हिश्शावर आला असता. इथे बरेच जण फसतात. म्हणून तलावावरून आणखी दोन पाइप ओढले, प्रत्येक टाकीला स्वतंत्र शंभर लिटर. पाण्याची उंची ८० सेंटिमीटरवरून ३० वर आणली: तीन हजार लिटर, ताशी दोन वेळा बदल. उथळ पाण्यावर बगळे येतात, म्हणून वर जाळी ताणली. निकास उसाच्या सऱ्यांत सोडला, ओढ्यात नाही.

मग पाण्यावर कोंडा टाकला. मधला सरळ गेला, कोपऱ्यातला जागीच फिरत राहिला. अशाच जागी कवचं साठतात. निकासाच्या उभ्या पाइपवर तळाशी भोकं पाडलेला मोठा पाइप बसवला, म्हणजे पाणी तळातून ओढलं जातं. तरी कोपरे रोज ब्रशने घासून नळीने उपसावेच लागले. चिकटलेलं कवच नुसत्या पाण्याने सुटत नाही. प्रत्येक टाकीचं जाळं आणि बादली वेगळी ठेवली.

फॉर्मेलिन हे परजीवी मारणारं रसायन टाळलं. ते पाण्यातला प्राणवायू कमी करतं आणि कल्ले आधीच खराब होते. मिठाचा विचार केला, पण लिटरला तीन ग्रॅमची मात्रा वाहत्या पाण्यात टिकणारच नाही. मीठ द्यायचं तर प्रवाह बंद ठेवावा लागतो.

पहिले चार दिवस ठिपके होते तसेच, मरही चालू. मालक धास्तावले आणि मलाही ते मेलेले मासे उचलताना वाईट वाटत होतं. पण त्वचेखालच्या परजीवीपर्यंत पाणी काय, औषधही पोचत नाही. तो पिकून बाहेर पडेपर्यंत थांबावंच लागतं. पाचव्या दिवशी मर घटली. नवव्या दिवशी तिसऱ्या टाकीतल्या दहा माशांची बुळबुळ तपासली, एकही परजीवी सापडला नाही. प्रवाह आणखी आठवडाभर तसाच ठेवला.