पुढे चला

आमच्या लालबागच्या चाळीत शेजारचे काका बेस्टमध्ये कंडक्टर होते, तेही डबलडेकरवर. गर्दीतून वाट काढत दिवसभर तिकिटं फाडायची. 'पुढे चला, पुढे चला' त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की नळावरच्या रांगेतही तोंडून तेच निघायचं. संध्याकाळी गॅलरीत पाय पसरून म्हणायचे, "मजा ड्रायव्हरची. बसून पगार घेतो."

मलाही ते पटायचं. आपल्याकडे बसण्याला मानच तेवढा. पाहुणा आला की आधी 'बसा'. शाळेतली शिक्षा कोणती, तर उठाबशा. मला खुर्चीतली नोकरी लागली तेव्हा आईने चाळभर पेढे वाटले होते.

पुढे कधीतरी जेरी मॉरिस या डॉक्टरांबद्दल वाचलं. 1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास मांडला. तिथे एकच कंडक्टर दोन्ही मजले सांभाळायचा (आमच्याकडे वर एक, खाली एक), म्हणजे दिवसाला 500 ते 750 पायऱ्या. ड्रायव्हर पाळीभर बसून. हृदयविकार जास्त निघाला तो ड्रायव्हरांमध्ये. मॉरिस तिथेच थांबले नाहीत. 1956 साली त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तर तरुण ड्रायव्हरांच्याही पँटी कमरेत रुंद. म्हणजे जाडी नोकरीआधीचीच असू शकते, सगळं खापर सीटवर फोडता येत नव्हतं. स्वतःच्याच सिद्धांताला शिंप्याची टेप लावणारा हा माणूस मला फार आवडला. 99 वर्षं जगला.

बसलं की पोटऱ्या निजतात, एवढंच खरं तर घडतं. पण चालताना त्याच पोटऱ्या शिरा दाबून पायांतलं रक्त वर ढकलत असतात, आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायू वापरत असतात. आजी जेवणानंतर शतपावलीला पिटाळायची ती काही उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते. मी सकाळी अर्धा तास तरातरा चालतो, आणि मग नऊ तास खुर्चीत ठाण मांडतो. पाण्याची बाटलीसुद्धा हाताशी. हल्ली ती मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवतो. तर तहानच लागत नाही!

परवा चाळीत गेलो तेव्हा काकांना लंडनची गोष्ट सांगितली. आता गुडघे बोलतात त्यांचे, पण तिसरा मजला अजून जिन्याने. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्या पायऱ्यांचा भत्ता मिळायचा का त्यांना?"

मी हसत उठलो. दाराशी पोचतो तोच मागून आवाज आला, "अरे, लगेच कुठे निघालास? बस की. चहा टाकलाय."

बसलो.