चानकी

पारनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही बायकांच्या आहाराचं सर्वेक्षण करत होतो. डिसेंबर महिना, कांदालागण जोरात. बायका सकाळीच टोळीबरोबर रानात जायच्या, म्हणून आम्ही दिवेलागणीला घरोघरी फिरायचो. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते त्यांनी आठवून सांगायचं आणि आम्ही लिहून घ्यायचं. कालवण, डाळ, दूध मोजायला आमच्याजवळ ठरलेल्या मापाच्या वाट्या, पळ्या, पेले होते. भाकरीला माप नव्हतं. फॉर्मवर ‘भाकरी, मध्यम’ असा रकाना होता आणि एका भाकरीला 75 ग्रॅम पीठ धरायचं ठरलं होतं.

त्या घरातली सून अठ्ठावीसेक वर्षांची. उंची 151 सेंटिमीटर, वजन 38 किलो. बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं तर 8.6, जिथे ते किमान 12 हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, त्यामुळे हा आकडा पाहून वाईट वाटलं तरी नवल वाटलं नाही. तिची भाकरी बाजरीची. बाजरीत लोह चांगलं असतं, पण तिच्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. त्यावर दिवसातून तीन-चार वेळा चहा. मला कोडं पडलं होतं ते वजनाचं. तीन भाकऱ्या खाते म्हणते, मग ही इतकी वाळलेली का?

तिची आणि घरच्यांची परवानगी काढून मी एक अख्खा दिवस तिच्यासोबत राहायचं ठरवलं. काटा, वही घेऊन पहाटे साडेपाचला चुलीपुढे जाऊन बसले. ती काठवटीत पीठ मळायची, उंडा करायची, मी तो काट्यावर ठेवून परत द्यायची. 152 ग्रॅम, 149, 155, 150. न बघता थापणाऱ्या हाताचा हा अंदाज पाहून मी थक्क झाले. मग तिनं काठवटीला चिकटलेलं पीठ खरवडून गोळा केलं आणि पुढे होऊन थापायला घेतलं.

“थांबा ताई, एवढा उंडा राहिला.”

“त्याचं काय वजन करायचं? चानकी हाय ती.”

“कुणाला?”

“मलाच की. पोरं आता मोठी भाकर मागत्यात.”

उरल्या पिठाची, एरवी लहान पोरांना द्यायची छोटी भाकरी म्हणजे चानकी. तो उंडा 64 ग्रॅम भरला. सुकं पीठ म्हणाल तर जेमतेम 35 ग्रॅम.

“परवा तीन भाकऱ्या सांगितल्या, त्यात ही धरली होती का?”

“धरली की. भाकरच हाय ना ती.”

ती खरंच बोलत होती. माझ्या कागदावरही ‘3’ हाच आकडा होता, आणि आदल्या आठवडाभरात कितीतरी घरांत मी असेच आकडे लिहिले होते.

ती चानकी तिनं उभ्याउभ्याच चहात बुडवून खाल्ली. रानात जाताना फडक्यात एक पुरी भाकरी आणि ठेचा घेतला. दुपारी बांधावर बसल्यावर शेजारच्या सरीत लागण करणाऱ्या म्हातारीनं काही आणलं नव्हतं, तर अर्धी तिला मोडून दिली. रात्री सासरे, नवरा, मुलं जेवली. सासूबाई दोनदा म्हणाल्या, “बस की गं तूबी.” ती चुलीपुढून उठेपर्यंत टोपल्यात पुन्हा एक चानकी उरली होती आणि वांग्याचं कालवण तळाला गेलं होतं. पातेलं तिनं चानकीच्याच तुकड्यानं पुसून घेतलं. ते किती ग्रॅम लिहायचं, मला कळेना.

रात्री मुक्कामाच्या खोलीवर हिशेब केला. फॉर्मच्या मापानं 225 ग्रॅम पीठ. प्रत्यक्षात 113. म्हणजे एका दिवसात 390 कॅलरी आणि 7 मिलिग्रॅम लोह आम्ही तिच्या नावावर फुकटचं जमा केलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात मध्यम कष्टाच्या बाईला दिवसाला 2130 कॅलरी लागतात असं आहे. दिवसभर वाकून कांदा लावणं मध्यम कष्टात बसतं की नाही, यावर वाद घालायची माझी तयारी आहे. मला त्या रात्री झोप आली नाही. असेच फॉर्म भरत राहिलो असतो, तर ‘बायका पोटभर जेवतात, फक्त गोळ्या वाटा’ असं आम्हीच लिहून मोकळे झालो असतो.

गोळ्याही लागणार होत्याच. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतल्या तर बरं, आणि शौचाला काळी झाली तर घाबरायचं नाही, हे सासूबाईंच्या समोर बसून सांगितलं.

नंतर आम्ही पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापल्या: मोठी भाकरी, मधली आणि चानकी. त्या गावातल्या घरांत पुन्हा फिरलो, काही घरी तर आमचा परत आलेला चेहरा बघून आधी वैतागलेही. आता ‘किती भाकऱ्या’ विचारून झालं की चकत्या पुढे ठेवायच्या आणि ‘यातली कोणती’ म्हणायचं. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, रात्रीची वेगळी. चौथ्या गावापर्यंत मोठी चकती नव्यासारखीच होती. लहान चकतीच्या कडा मऊ पडून सुटायला लागल्या, म्हणून ती दुसरी कापावी लागली.