सान लेओ: कड्याच्या भरवशावर बांधलेला किल्ला

इटलीतल्या रिमिनी शहराची गजबज मागे टाकून मारेक्किया नदीच्या खोऱ्यात बरंच आत गेलं की समोर एक प्रचंड कातळ उभा ठाकतो आणि त्याच्या टोकावर किल्ला दिसतो. सह्याद्रीत पाय झिजवलेल्याला पहिला प्रश्न पडतो, वाट कुठून? वाट एकच, तीही कातळ फोडून काढलेली. त्यावरून आता मोटारी थेट गावात जातात, हे मात्र जरा खटकलं.

1441 मध्ये अवघ्या 19 वर्षांच्या फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोने रिमिनीच्या मालातेस्ता घराण्याकडून हा गड जिंकला. पुढे तो उर्बिनोचा ड्यूक झाला आणि 1479 च्या सुमारास गडाची डागडुजी त्याने सिएनाच्या फ्रांचेस्को दी जोर्जो मार्तिनीवर सोपवली. हा गडी चित्रकार, शिल्पकार आणि वर लष्करी स्थपती. ड्यूकने आपल्यावर एकाच वेळी 136 कामं टाकली होती, असं त्याने स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. झोपत कधी होता कोण जाणे!

तोवर तोफा आल्या होत्या. जुने उंच, चौकोनी बुरूज म्हणजे तोफेला आयतं लक्ष्य. कोपरा ढासळला की बुरूज गेलाच. फ्रांचेस्कोने माथ्यावरचा जुना बालेकिल्ला तसाच ठेवला. बाकीच्या बाजू कड्यावर सोपवल्या आणि जिथून शत्रू तोफा वर ओढून आणू शकेल, त्या गावाकडच्या अंगाला सगळी ताकद लावली. दोन जाडजूड गोल बुरूज आणि त्यांना जोडणारा तट, बस. गोलाईवर गोळा तिरका लागून घसरतो. बुरुजाखाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर पाहिलं, तर माथ्याजवळ दगडी तोड्यांची, म्हणजे भिंतीतून पुढे काढलेल्या आधारांची, रांग आणि त्यांच्यावर पुढे आलेला कठडा. पायथ्याशी भिडलेल्या शत्रूला वरून झोडपायची ही सोय. जिथे गरज तिथेच दगड, ही काटकसर मला फार आवडली.

आत गर्दी मात्र काल्योस्त्रोच्या कोठडीपाशी. स्वतःला किमयागार म्हणवणारा हा ठकसेन 1791 पासून इथे कैदेत होता आणि 1795 मध्ये इथेच मेला. जेवण छतातल्या झडपेतून खाली सोडायचे. खिडकीला एकामागे एक तीन गजांच्या जाळ्या, आणि त्यातून दिसतात ती फक्त गावातली चर्चेस. पोपच्या राज्यात पाखंडी ठरलेल्या माणसासाठी ही जागा कुणीतरी विचारपूर्वक निवडली असणार. मी तिथे फार रेंगाळलो नाही. लोक सेल्फी घेत होते.

त्यापेक्षा तटावरून खाली बघण्यात वेळ घालवला. हा सगळा कातळ मऊ चिकणमातीवर बसलाय. पाणी मुरतं, माती सरकते आणि वरचा खडक निखळतो. फेब्रुवारी 2014 मध्ये कड्याचा मोठा भाग असाच कोसळला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. तोफांचा बंदोबस्त फ्रांचेस्कोने केला होता. पायथ्याच्या मातीशी आताचे अभियंते झुंजतायत.