तुम्ही विचारलंत म्हणून: चार वर्षांच्या लेकीला ठेवून माहेरी कशी राहिलीस?

काकू विचारतात, मामी विचारतात, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दर वर्षी कुणीतरी विचारतं, आणि इकडे अमेरिकेत, ओहायोत ओळख झालेल्या मराठी बायकाही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारतातच. २०२१ साली चार वर्षांची पोरगी नवऱ्याजवळ ठेवून तू एप्रिलपासून जवळजवळ दसऱ्यापर्यंत सांगलीत राहिलीसच कशी?

मी सांगायला लागते. दुसऱ्या वाक्यात व्हिसा येतो आणि समोरच्याचं लक्ष उडतं. "ते व्हिसाचं असू दे गं, पण आईचं मन..." तर ते असू देता येत नाही. आज एकदा शेवटपर्यंत सांगते.

आधी मनात साचलेलं बोलून टाकते. आण्णा गेले असते तर हा प्रश्न मला कुणीही विचारला नसता. बापासाठी धावत आली, पोटच्या पोरीपासून लांब राहिली, असं म्हणून सगळ्यांनी डोळे पुसले असते. पण आण्णा बरे झाले. मिरजेच्या हॉस्पिटलमधून मेच्या मध्यात घरी आले, आणि आज ऐंशी ओलांडल्यावरही संध्याकाळी गणपती मंदिरापर्यंत चालत जाऊन येतात. त्यामुळे हिशेब असा मांडला जातो की बाप तर महिन्याभरात उठून बसला, मग ही पुढे कशासाठी थांबली? नवऱ्याशी बिनसलं होतं का? नोकरी गेली होती का? हे माझ्या आईला भाजी घेताना गाठून विचारलेलं आहे. आईने मला ते दोन वर्षांनी सांगितलं.

आता व्हिसाचं. आमच्याजवळ दोन वेगळे कागद असतात. एक तिथे राहून काम करण्याचा, कंपनीच्या अर्जावर मंजूर झालेला. माझा तो २०२३ पर्यंतचा होता. दुसरा देशात शिरण्याचा, म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा. त्यालाच आम्ही स्टॅम्पिंग म्हणतो. तो माझा २०२० च्या उन्हाळ्यात संपला. तो संपला म्हणून तिथे राहायला, नोकरीला, कर भरायला काहीही अडचण येत नाही. पण देशाबाहेर पडलात की परत शिरायला नवा लागतो, आणि तो वकिलातीतच मिळतो. अमेरिकेत बसून तो नवा करून घ्यायची सोय २००४ साली बंद झाली. २०२४ च्या सुरुवातीला वीस हजार जणांपुरती परत करून पाहिली, तेवढीच. "मग आधीच का नाही करून ठेवलास?" असं विचारणाऱ्यांना आठवण देते की २०२० च्या मेमध्ये येऊन करायचं आमचं ठरलेलं होतं, तिकिटं काढलेली होती. २०२० च्या मेमध्ये कोण कुठे जात होतं?

एप्रिल २०२१ मध्ये आईचा फोन आला तेव्हा आण्णांचा ऑक्सिजन ८४ वर होता. ती स्वतः तापाने फणफणलेली. मी एकुलती एक. वकिलाने स्पष्ट सांगितलं की जाऊ नका, परत येण्याची खात्री देता येणार नाही. माझ्या हातात मे महिन्यातली ड्रॉपबॉक्सची तारीख होती, म्हणजे मुलाखत न देता नुसता पासपोर्ट जमा करायचा. तेवढ्यावर मी निघाले. त्या निघण्याबद्दल मला आजवर एकदाही वाईट वाटलेलं नाही आणि कुणी वाटायला लावूही नये.

मी सांगलीत पोहोचल्यावर, ३० एप्रिलला, बायडन यांनी भारतातून येणाऱ्यांवर बंदी जाहीर केली, ४ मेपासून. त्याच आठवड्यात भारतातल्या वकिलातींचं नेहमीचं व्हिसाचं काम थांबलं आणि माझी तारीख रद्द झाली. इथे जरा नीट ऐका, कारण इथेच सगळे सोडून देतात. त्या बंदीतून मला सूट होती. एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल अमेरिकन नागरिक असेल तर त्याच्या आईबापांना ती बंदी लागू नव्हती, तसं त्या आदेशात लिहिलेलंच होतं. माझी लेक तिथे जन्मलेली. म्हणजे मला येऊ द्यायला त्या देशाची ना नव्हती. पण विमानात बसायला पासपोर्टवर चालू व्हिसा हवा, आणि तो देणारी खिडकी बंद. तातडीच्या मुलाखतीसाठी अर्ज केला, लेकीचा जन्मदाखला जोडला, तिचं वय लिहिलं. दोन ओळींचा नकार आला. परत केला, परत आला.

कंपनीने काही आठवडे सांगलीतून काम करू दिलं, मग बिनपगारी रजेवर टाकलं. जुलैत कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी पन्नाशीच्या पुढे गेलं. आम्ही आण्णांना आणि त्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनला घेऊन विश्रामबागेत मावशीकडे गेलो. २०१९ च्या पुरात हे त्या दोघांनी माझ्याशिवाय केलं होतं. या वेळी मी होते. "थांबलीस कशाला" म्हणणाऱ्यांनी हेही कुठेतरी धरावं.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. ते पुराच्या आधीचं, वटपौर्णिमेच्या सुमाराचं.

तोवर लेक फोनवर यायची बंद झाली होती. तिच्या सकाळी सातला सांगलीत दुपारचे साडेचार. ती दूध पिताना मी फोनवर असायचं, असं ठरलेलं. आधी ती पेल्यासकट कॅमेऱ्यापुढे बसायची. मग पाठ करून बसायला लागली. मग नवरा एकटाच दिसायला लागला, आणि मागून टीव्हीचा आवाज.

एका रात्री त्याचा अवेळी फोन आला. आईआण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून मी गच्चीवर गेले. तो म्हणाला, "मी तिला घेऊन येतो. जे व्हायचं ते होईल." मला वाटतं त्याने ते खूप दिवस मनात ठेवून मग उच्चारलं होतं, कारण म्हणाला आणि गप्प बसला.

मी खूश व्हायला हवं होतं. मी हिशेब विचारायला लागले. तिचं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, आम्ही काढलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्याच माहेरी यायला तिला परदेशी म्हणून भारताचा व्हिसा काढावा लागणार होता. तो मिळाला असता. पण नवऱ्याचं स्टॅम्पिंगही माझ्यासारखंच संपलेलं. तो आला की तोही अडकणार. त्याच्या कंपनीने अमेरिकेबाहेरून काम चालणार नाही असं लेखी कळवलेलं. माझा पगार थांबलेला, त्याचाही थांबला तर तिथलं भाडं, गाडीचा हप्ता आणि तिघांचा आरोग्य विमा, सगळंच गेलं. आणि तो अडकलेला असताना नोकरी सुटली तर त्या नोकरीवरचा व्हिसाच उरत नाही. दुसऱ्या कंपनीने नव्याने अर्ज केल्याशिवाय परतायचा रस्ता नाही. एवढं सगळं होऊन आम्ही तिघं सांगलीत, आणि त्यातल्या एकटीलाच, चार वर्षांच्या तिला, कधीही परत जायचा हक्क. आईबापांना घरी जाता येत नाही आणि पोरीला येतं, असलं हे गणित.

"ओळखीचं कुणी येत असेल तर तिला एकटीला पाठवू?" हेही त्याने विचारलं. दुसरी लाट ओसरत होती, लहान मुलांना लस नव्हती, आणि इकडे आल्यावर तिला परत कुणी न्यायचं?

मी म्हटलं, "येऊ नकोस. तिलाही पाठवू नकोस."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे. पण हे तिला तू सांग."

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की आजोबांना बरं करून मी लगेच येते. ती त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे आली होती. आदल्या आठवड्यात तिने आण्णांना ओसरीवर येरझाऱ्या घालताना बघितलं होतं. म्हणाली, "पण आजोबा तर चालतात."

त्यावर मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. ते इथे लिहिणार नाही.

तर उत्तर हे आहे. एप्रिल ते जून मला नियमांनी अडवलं. जूननंतरही नियम होतेच, पण तिला माझ्याकडे येऊ द्यायचं नाही हे मी ठरवलं. गच्चीवर उभी राहून, भाडं आणि विमा मोजून ठरवलं. सप्टेंबरच्या शेवटी एकदाची मुलाखत मिळाली. काचेपलीकडच्या माणसाने नोकरीबद्दल तीन-चार गोष्टी विचारल्या आणि पासपोर्ट ठेवून घेतला. ज्यासाठी एवढे महिने गेले ते चहा गार व्हायच्या आत उरकलं.

त्या गच्चीवरच्या बाईशी मी अजून भांडते. तिचं म्हणणं, सगळे अडकलो असतो तर आज हे घर नसतं, तू आज ज्या टेबलाशी बसून लिहितेस ते नसतं. मी म्हणते, नसतं तर नसतं, सांगलीत चौघं-पाचजण एकत्र असतो, पोरगी आजीच्या हातचं खाऊन वाढली असती. ती म्हणते, हे तुला आज सुचतं, कारण आज पगार चालू आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिच्याकडेही "आजोबा तर चालतात" याचं उत्तर नव्हतं.

"मग कायमचे परतच या की," असं लगेच येतं. त्यावर एवढंच. नोकरीवरची ग्रीन कार्डं, म्हणजे तिथे कायमचं राहायचे परवाने, जगभरासाठी मिळून साधारण वर्षाला १,४०,००० असतात आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. हे १९९० च्या कायद्यातलं आहे. भारतातून रांगेत लाखो. सांगलीत पावसाळ्यात जशी आयर्विन पुलाची पातळी विचारतात, तसं आम्ही दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघतो, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत रांगेत लागलेल्यांचा नंबर आला ते सांगणारं सरकारी पत्रक. रांगेतली आमची तारीख २०१५ ची. २०२२ च्या उन्हाळ्यात आकडा डिसेंबर २०१४ पर्यंत आला होता. आम्ही कागदपत्रं काढून ठेवली. मग तो उलटा फिरून २०११ वर गेला. २०२५ मध्ये कुठे २०१३ वर आला. लेक २०३८ साली एकवीस वर्षांची होईल, तेव्हा नागरिक म्हणून ती आमच्यासाठी अर्ज करू शकेल. एवढ्या रांगेत उभं राहून झाल्यावर निघायचं की थांबायचं, याची चर्चा आमच्या घरात संपलेली नाही. कुणी बाहेरून संपवू शकेल असं वाटत नाही.

आणि २०२१ चं ते सगळं कोविडमुळे झालं, आता तसं नाही, असंही समजू नका. सप्टेंबर २०२५ पासून आमच्यासारख्यांचा ड्रॉपबॉक्स बंद झाला, मुलाखत द्यावीच लागते. डिसेंबरमध्ये समाजमाध्यमांवरची खाती तपासण्याचा नियम लागू झाला आणि भारतात लग्नाकार्यासाठी आलेल्या कितीतरी जणांच्या ठरलेल्या मुलाखती अनेक महिने पुढे गेल्या. त्यांची मुलं तिकडे शाळेत, ते इकडे. त्यांनाही तुम्ही विचारत असाल. माझं स्टॅम्पिंग परत संपलेलं आहे. आण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात करायचं चाललंय. लेकीचं ओसीआय आता काढून ठेवलंय. यायचं का, आलो तर तिघं यायचं का, हे ठरलेलं नाही.

हे सगळं आजच लिहायला बसले त्याला कारण घडलं. संक्रांतीला घरी हळदीकुंकू होतं, आईने फोन फिरवून सगळ्यांना दाखवलं, आणि कुणीतरी प्रेमाने, हसून, माझ्या लेकीलाच विचारलं, "तुला आई टाकून आली होती ना गं, तू राहिलीस कशी?" तिने फोन माझ्या हातात दिला आणि खोलीत गेली. ती आता नऊ वर्षांची होतेय, तिला मराठी सगळं कळतं.

काकू, मामी, मैत्रिणींनो, मला विचारा. परत परत विचारा, रागावून विचारा, मी दर वेळी एवढंच लांब उत्तर देईन. माझा नंबर तुमच्याकडे आहे. तिला विचारू नका.