मूग, भुंगे आणि नॅनो सिलिका

परभणीला कीटकशास्त्रात एमएस्सी करत होते तेव्हाची गोष्ट. माझा विषय साठवणीतल्या मुगाला लागणारा भुंगा आणि त्याला मारायला नॅनो सिलिका. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक. नॅनो म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटरचे कण, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग, त्यामुळं पावडर इतकी हलकी की मास्क लावल्याशिवाय डबी उघडायची नाही असा सरांचा सक्त नियम.

ऑगस्टचा पाऊस चालू होता, जिंतूरकडचे एक काका पिशवीत घरचा मूग घेऊन सरांना भेटायला आले, सर मीटिंगला गेलेले म्हणून माझ्याच टेबलाशी बसले. मी मायक्रोस्कोपखाली मेलेले भुंगे बघत होते, त्यांनाही दाखवले, ही पावडर विष नाही हेही सांगितलं. पायाच्या सांध्यात, पोटाखाली, सगळीकडं पांढरी पावडर चिकटलेली. काका बराच वेळ बघून म्हणाले, "ताई, इष नाही म्हंता, मंग मरायलेत कशानं?"

मी सांगितलं, किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो, सिलिका ते मेण शोषून घेते आणि किडा वाळून मरतो. लगेच पुढचा प्रश्न, "मंग पावसाळ्यात कसं?" अहो, माझ्या प्रयोगाचा गाभाच तो! दुसरी बरणी दाखवली, तिथं मिठाचं संपृक्त द्रावण ठेवून हवेत 75 टक्के आर्द्रता धरलेली, पावडर तेवढीच, पण बरेच भुंगे चालत होते, कारण दमट हवेत अंगातलं पाणी लवकर उडतच नाही.

मग त्यांचा मूग बघितला. दाण्यांवर पांढरे ठिपके, म्हणजे भुंग्याची अंडी. एक दाणा ब्लेडनं कापला तर आत जिवंत अळी. ही अंड्यातून निघते ती थेट दाण्यात शिरते, आतच खाते, कोष पण आतच, आणि गोल भोक पाडून बाहेर येतो तो भुंगाच, जो साठवणीत काही खात पण नाही. म्हणजे पावडर लागणार बाहेर हिंडणाऱ्याला आणि खरं नुकसान करणारी अळी दाण्यात सुरक्षित! मेलेल्या भुंग्यांचा ढीग बघून भारी वाटतं, पण आधीच अळी शिरलेले दाणे पोखरायचे ते पोखरतातच, आणि अंडी तर शेतात शेंगा वाळतानाच पडायला लागतात.

तरी काकांनी पावडर मागितलीच. मी नाही म्हणाले. इतके बारीक कण खायच्या धान्यातून पोटात, उडून फुफ्फुसात गेले तर काय होतं हे तपासल्याशिवाय कुणाच्या घरात देणं मला अजिबात पटत नाही, शेतीतली नॅनो उत्पादनं कशी तपासायची याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारनं 2020 मध्ये काढल्यात त्या याचसाठी. त्यांना म्हणलं, उघडीप मिळाली की मूग पातळ पसरून कडक वाळवा, ओलावा 10 टक्क्यांच्या आत आणा, भोकाचे दाणे काढून टाका आणि हवाबंद भांड्यात काठोकाठ भरा, हवा तुटली की दाण्यातली अळी पण गुदमरते.

"कोठीचं झाकण ढिलं हाय पण," काका म्हणाले. मग रबरी वायसरच्या प्लास्टिक ड्रमचं बोलणं निघालं, आणि सर आले तेव्हा आम्ही ड्रम किती लिटरचा घ्यावा यावरच होतो.