आधी सामान, मग रंग: आमच्या हॉलची भिंत

फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने सगळीकडे एकच ऑफव्हाइट फासलेला, आणि माझ्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारातून गोळा केलेली खोकीच्या खोकी: पितळी अडकित्ते, समया, रविवर्म्याच्या लक्ष्मीचं छापील चित्र, शिवाय सावंतवाडीच्या गंजिफाचे (हाताने रंगवलेल्या जुन्या खेळाचे) चार गोल पत्ते (अख्खा दशावतारी संच १२० पत्त्यांचा, तो खिशाला परवडत नाही). पेंटर शेडकार्ड घेऊन आला, मी म्हटलं आधी हे बघा, रंग नंतर. तो हसला. म्हणे ऑफव्हाइटच ठेवा मॅडम, खोली मोठी दिसते.

मला खोली मोठी दिसायला नकोच होती, भरलेली दिसायला हवी होती. जाड पुठ्ठ्यावर रंगाचे दोन-दोन हात मारले आणि पुठ्ठे भिंतीला टेकवून दिवसभर बघत बसले. गेरूवर पितळ पार बुडालं. गडद मोरपंखीवर मात्र लक्ष्मीची लालसर साडी अशी काही उठली की विचारू नका, पण तोच रंग सकाळी काळपट, दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आलं की मस्त आणि पांढऱ्या ट्यूबलाइटखाली डिट्टो हॉस्पिटल. मग ३००० केल्विनचे वॉर्म, म्हणजे पिवळसर उजेडाचे एलईडी लावले, प्रश्न मिटला. आणि मोरपंखीने एकच भिंत रंगवली, बाकीच्या तशाच.

लक्ष्मीचं सांगते. रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथले जुने छाप अजून बाजारात फिरतात, पण नव्या कॉप्या त्याहून जास्त. म्हणून भिंग घेऊनच जायचं. जुन्या लिथो (दगडावरून छापलेल्या) छापात ठिपके वेडेवाकडे, हाताने टिंबं दिल्यासारखे, आताच्या ऑफसेट छपाईत एकसारखे रांगेत. विकणाऱ्याला हा प्रकार आवडत नाही, आपण बिनधास्त बघायचं! फ्रेमवाल्याकडे मागची जुनी प्लाय काढायला लावली, काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणारा अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा (माउंट) घातला, कारण कागद काचेला टेकला की पावसाळ्यात दमट हवेने चिकटतो आणि मग सोडवता येत नाही. अर्थात फ्रेमचा खर्च चित्राच्या वर गेला, पण इथे कंजुषी नकोच. आणि ऊन थेट पडेल तिथे ती लावायची नाही, रंग उडतात.

टांगायच्या आधी फ्रेमच्या मापाचे पेपर कापून मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवले, सगळ्यांचा मिळून मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचावर येईल असं. अडकित्ते मुद्दाम एकत्र एका पाटीवर, कारण विखुरले की किरकोळ दिसतात (पुण्याच्या केळकर म्युझियममधले अडकित्ते बघा, घोळक्यानेच मजा येते). एका कोपऱ्यात काँक्रीट लागलं, साधं ड्रिल फिरेना, हॅमर ड्रिल आणावं लागलं.

धूळ कोण पुसणार हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ते माझ्याच गळ्यात आलंय. आता त्यांना त्यांच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ पण हॉलमध्येच हवंय, त्यात काय ठेवायचं यावर वाद चालूये, मी म्हणते छत्र्या.