साओ पाउलोत 'पगार' देताना

पहिल्याच सकाळी मी काउंटरवरच्या पोराच्या हातात नोट ठेवायला गेले, तर तो मान हलवून दाराजवळच्या गल्ल्याकडे बोट दाखवत म्हणाला, "पगार, पगार!" क्षणभर वाटलं, हा माझ्याकडे महिन्याचे पैसे मागतोय की काय. मग ट्यूब पेटली. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणं. आपल्याकडे येता येता तो शब्द देण्याचा घेण्याचा झाला.

कंपनीच्या कामासाठी आठवडाभर साओ पाउलोला गेले होते आणि पुढचा शनिवार-रविवार स्वतःसाठी राखून ठेवला होता. जुलै महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, त्यात बारीक भुरभुर. तिला तिथे 'गारोआ' म्हणतात आणि तिच्यावरूनच या शहराला टोपणनाव पडलंय. मी ब्राझील म्हणजे ऊन असं गृहीत धरून सुती कपडे भरले होते. पहिली खरेदी स्वेटरची झाली.

पण आधी ती सकाळ. कोपऱ्यावरचं ते दुकान म्हणजे पादारिया: अर्धी बेकरी, अर्धं आपलं इराण्याचं हॉटेल. पाव मधोमध चिरून, लोणी फासून, गरम तव्यावर दाबून देतात. त्याचं नाव 'पाऊं ना शापा'. सोबत 'पिंगादो', काचेच्या ग्लासात दूध-कॉफी. लोक उंच स्टुलावर बसतात, पाव ग्लासात बुडवतात, टीव्हीवरच्या फुटबॉलवर शेजाऱ्याशी भांडतात आणि कामाला जातात. पुढचे चारही दिवस मी हॉटेलच्या फुकट नाश्त्याकडे पाठ फिरवून तिथेच गेले.

कॉफीचं एक सांगायला हवं. जगातली साधारण एक तृतीयांश कॉफी ब्राझील पिकवतो, आणि हे शहर मोठं झालं तेच तिच्या पैशावर. आतल्या मुलखातली लाल माती कॉफीला मानवली. ती माती बेसॉल्टची, आपल्या दख्खनच्या काळ्या मातीसारखीच लाव्हाच्या दगडातून झालेली. 1867 मध्ये सान्तोस बंदरापर्यंत रेल्वे झाली. मळ्यांवर राबायला इटलीहून माणसं आली, 1908 पासून जपानहून. मळेवाल्यांनी पाउलिस्ता रस्त्यावर वाडे बांधले. 1929 च्या मंदीनंतर भाव इतके पडले की सरकारने कॉफीच्या राशी जाळल्या. आज त्या रस्त्यावर वाडे जवळजवळ उरलेले नाहीत, बँका आहेत.

शनिवारी कोपान बघायला गेले. ब्राझीलचा वास्तुविशारद ऑस्कर निमायरने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला आखलेली, 1966 ला पूर्ण झालेली, लाटेसारखी वळलेली इमारत. 1,160 घरं. एवढी माणसं की तिला स्वतःचा पिनकोड आहे. फोटोत ती समुद्रासारखी दिसते. प्रत्यक्षात खाली उभं राहिलं की मान दुखते आणि वळण काही दिसत नाही. दिसतात फक्त उन्हाला अडवणाऱ्या काँक्रीटच्या आडव्या फळ्या, एकावर एक, एकावर एक. खरं सांगते, निराश झाले. मग तळमजल्यावरच्या दुकानांच्या गल्लीत शिरले, तेव्हा पायांना कळलं. गल्लीची फरशी सपाट नाही, बाहेरच्या रस्त्याच्या उताराबरोबर तीही उतरते. म्हणजे फुटपाथच इमारतीच्या पोटातून गेलाय. न्हावी, कपड्यांची दुकानं, आणि काफे फ्लोरेस्ता, जिथे काउंटरला कोपर टेकवून उभ्यानेच कॉफी प्यायची. एवढीशी कपबशी, कडू आणि दाट, दोन घोटांत संपणारी. शेजारी पिशवीत भाजी घेतलेल्या आजी होत्या. वरून कुठल्या तरी मजल्यावरून उतरल्या असणार, पायांत घरातल्या सपाता होत्या.

दुपारी 'पोर कीलो', म्हणजे वजनावर जेवण. ताट वाढून घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, जितके ग्रॅम तितके पैसे. मी मासे सोडून दुसरं काही मांसाहारी खात नाही, त्यामुळे शनिवारचा मान असलेली डुकराच्या मांसाची फेज्वादा हुकली. पण भात, तपकिरी घेवड्याची पातळ उसळ आणि त्यावर भुरभुरवलेला फारोफा मिळाला. फारोफा म्हणजे लोण्यात परतलेलं कसाव्याचं पीठ. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. एकादशीच्या दिवशी आपण ब्राझीलचं कंदमूळ खाऊन उपवास करतो, हे आईला फोनवर सांगितलं, तर तिने विषय बदलला.

तिथेच प्यायला 'काजू' मागवला. मी वेंगुर्ल्याची. पहिल्या घोटालाच बोंडूचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळाचा वास आला, तोच घशाला किंचित ओढून धरणारा गोडवा, लहानपणी फ्रॉकवर पडला की न जाणारा डाग. काजू मुळात इथलाच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला. गंमत अशी की आम्ही बी जपली आणि बोंडू गुरांना नाहीतर दारूला दिला. इथे बोंडूचा रस पेल्यांतून विकतात. उलट आंबा आणि फणस आपल्याकडून तिकडे गेले. फणसाला ते 'जाका' म्हणतात, तो शब्द मल्याळी 'चक्का'वरून.

रविवारी पाउलिस्ता रस्ता गाड्यांना बंद असतो. सायकली, ड्रम, कुत्री, आणि मधोमध वास्तुविशारद लीना बो बार्दीने आखलेलं कलासंग्रहालय, मास्प. लीना जन्माने रोमची, 1946 मध्ये ब्राझीलला आली आणि तिथलीच झाली. 1968 ला उघडलेली तिची ही इमारत दोन प्रचंड लाल चौकटींवर जमिनीपासून आठ मीटर उंच टांगलीय. खाली सत्तरहून जास्त मीटरपर्यंत मध्ये एकही खांब नाही. त्या रविवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. पाऊस आला की रस्त्यावरची सगळी गर्दी आत सरकते. आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपाची आठवण झाली. वर चित्रंही भिंतीवर नाहीत, काँक्रीटच्या ठोकळ्यात उभ्या केलेल्या काचांवर आहेत, आणि नावं मागच्या बाजूला. आधी चित्र बघा, मग प्रदक्षिणा घालून कोणाचं ते वाचा. मला न ओळखता आवडलेलं एक चित्र सेझानचं निघालं. दुसरं, फार नावाजलेल्या माणसाचं, मुळीच आवडलं नव्हतं.

जवळच्याच गल्लीत आठवडी बाजार होता. तिथे 'पास्तेल' खाल्ला: वहीच्या पानाएवढी, फुगलेली, कुरकुरीत करंजी, आत चीज. सोबत 'काल्दो दे काना', म्हणजे चरकातून काढलेला उसाचा रस, लिंबू पिळून. चरकाला फक्त घुंगरू नव्हते.

आणि मग सेस्क पोम्पेया, लोकांसाठीचं कला-खेळ-विरंगुळ्याचं केंद्र. हे कोणी सांगितलं नसतं तर चुकलंच असतं. हा मूळचा पिंपांचा कारखाना ('पिंप' हाही पोर्तुगीजच!). बंद पडलेला तो पाडून तिथे नवीन केंद्र बांधायचं म्हणून लीनाला 1970 च्या दशकात बोलावलं. ती बघायला गेली, तर त्या ओसाड शेडमध्ये पोरं फुटबॉल खेळतायत, आयाबाया मांस भाजतायत. तिने शेड तशाच ठेवल्या. 1982 ला त्या उघडल्या. मागे मात्र काँक्रीटचे दोन मनोरे उभारले आणि खेळाची मैदानं त्यांतल्या एकात एकावर एक रचली. मध्ये जमिनीखालून ओढा वाहतो, त्यावर बांधायला मनाई, म्हणून दोन मनोऱ्यांना हवेतल्या पुलांनी जोडलंय. खिडक्या म्हणजे भिंतीला पाडलेली वेडीवाकडी भोकं, त्यांना काच नाही, लाल लाकडी जाळी. ओढ्यावर लाकडी फळ्यांचा लांब ओटा आहे. उन्हाच्या दिवसांत लोक तिथे अंग शेकत पडतात.

मी गेले तेव्हा भुरभुर चालू होती, म्हणून आतल्या शेडमध्ये बसले. फरशीतून पाण्याची एक वळणदार वाट काढलीय, तिला साओ फ्रान्सिस्को नदीचं नाव आहे. चार म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. एक मुलगी गृहपाठ करता करता झोपली होती. कौलांवर पाऊस वाजत होता. एका बाळाने नदीत बिस्कीट टाकलं आणि ते विरघळेपर्यंत आम्ही दोघांनी बघितलं. तीन तास झाले. एकदाही कोणी येऊन 'पगार' म्हणालं नाही.